शम्मायचा गज, हिल्लेलचं दार

ओसरी:

"जुन्या करारातला देव कडक, दयामाया आली ती येशूपासून" असं एक वाक्य मागे छडीवरच्या धाग्यात कुणीतरी टाकलं होतं आणि त्यावर धडाधड +१ पडले होते. तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो. पण कडक की मवाळ हा ज्यू परंपरेतला अगदी घरचा वाद आहे, येशूच्या जन्माआधीपासूनचा. त्याला स्वतंत्र धागा हवाच.

हेरोद राजाच्या काळात जेरुसलेममध्ये दोन मोठे गुरू होते, हिल्लेल आणि शम्माय. ताल्मूदात, म्हणजे ज्यू कायद्यावरच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहात, या दोघांच्या गोष्टी लागोपाठ येतात. एक परधर्मी माणूस शम्मायकडे जातो आणि म्हणतो, "मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात मला सगळी तोरा (ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ) शिकवा, मी ज्यू होतो." शम्मायच्या हातात बांधकामाचा गज असतो. त्यानेच तो त्याला हाकलून लावतो. तोच माणूस हिल्लेलकडे जातो. हिल्लेल सांगतो, "तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस. तोरा एवढीच, बाकी सगळं भाष्य. आता जा आणि शीक." ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. ऐकवताना "जा आणि शीक" हा शेपटाचा भाग मात्र हमखास गळतो, आणि मग हिल्लेल म्हणजे सुविचारांचं कॅलेंडर होऊन बसतो.

मला जास्त आवडते ती त्याच पानावरची दुसरी गोष्ट. एकाला ज्यू व्हायचंय, पण अट अशी की मला प्रमुख याजक करा. त्या याजकाचा भरजरी पोशाख, छातीवरचं रत्नांचं कवच वगैरे वर्णन ऐकून गडी भाळलेला असतो. शम्माय पुन्हा गज उचलतो. हिल्लेल त्याला आत घेतो आणि एवढंच म्हणतो, "राजा व्हायचं तर दरबाराच्या रीती माहीत नकोत का? जा, आधी त्या वाच." तो वाचत बसतो. वाचता वाचता वाक्य येतं, की परका मंदिराच्या सेवेत जवळ आला तर त्याला मरणाची शिक्षा. "हे कुणाला लागू?" असं तो विचारतो. हिल्लेल म्हणतो, "दाविद राजालासुद्धा." याजकपद अहरोनच्या वंशाचं, तिथे दाविदाचाही पाड नाही. त्याचं त्यालाच उमगतं, की दाविदाला जे मिळत नाही ते झोळी-काठी घेऊन आलेल्या आपल्याला कसं मिळणार!

हिल्लेलने नियम तसूभरही सैल केला नाही, हे बघा. नियम कडक तो कडकच राहिला. फक्त माणूस तो आत बसून वाचत होता, बाहेर उभं राहून ऐकत नव्हता.

याचं मूळ मला हिल्लेलच्या स्वतःच्या आयुष्यात दिसतं. तो बाबिलोनहून आलेला, कफल्लक. दिवसाच्या मजुरीतली अर्धी घरी द्यायची आणि अर्धी पाठशाळेच्या दारवानाला. एके दिवशी काम मिळालं नाही. दारवानाने आत सोडलं नाही. हा छपरावर चढला आणि झरोक्याला कान लावून पडून राहिला. शुक्रवारची संध्याकाळ, हिवाळा, रात्रभर बर्फ पडलं. सकाळी आत शमाया अवतल्योनला म्हणतो, "रोज इथे उजेड असतो, आज अंधार का? आभाळ आलंय का?" वर बघतात तर झरोक्यात माणसाची आकृती. तीन हात बर्फाखालून त्याला उकरून काढला, आंघोळ घातली, तेल लावलं, शेकोटीसमोर बसवला. शब्बाथ, म्हणजे काम वर्ज्य असलेला शनिवार, असून हे सगळं केलं, आणि म्हणाले, "याच्यासाठी शब्बाथ मोडावा अशीच याची योग्यता आहे." दारवानाचा अनुभव गाठीशी असलेला माणूस पुढे स्वतः दारवान झाला नाही, असं आपलं माझं मत. ताल्मूद तसं सांगत नाही.

आणि आता गंमत. त्याच हिल्लेलच्या वंशात रब्बान गमलिएल झाला. जेरुसलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये पडल्यावर यावने गावातल्या विद्यापीठाचा प्रमुख. याने फतवा काढला: ज्याचं आत-बाहेर एक नाही, त्या विद्यार्थ्याने पाठशाळेत पाऊल ठेवू नये. दाराशी पहारेकरी बसला. गमलिएलने रब्बी यहोशुआला मतभेदावरून भर सभेत उभं करून ठेवलं, तेही एकदा नव्हे. शेवटी सभेचा संयम सुटला आणि त्याला पदावरून उतरवलं. त्याच दिवशी पहारेकरी हटवला, दार उघडलं. ताल्मूद म्हणतो, बाकं वाढवावी लागली. चारशे वाढवली की सातशे यावर अर्थातच वाद आहे.

मग गमलिएल यहोशुआची समजूत काढायला त्याच्या घरी गेला. बघतो तर भिंती काळ्याकुट्ट. म्हणाला, "भिंतींवरून दिसतंय, तू कोळशाच्या भट्टीवाला आहेस." यहोशुआ उत्तरला, "ज्या पिढीचा तू पुढारी, त्या पिढीचं काही खरं नाही. विद्वान काय करून पोट भरतात, काय खातात, हे तुला ठाऊकच नाही." इतकी वर्षं सोबत बसलेल्या माणसाचं घर त्याने तोवर पाहिलं नव्हतं.

तर चर्चेला मुद्दा: कडकपणा नियमात असावा की दाराशी?

वाचनमात्र:

मस्त. पुढील लेखनास शुभेच्छा. गमलिएलचं पुढे काय झालं?

ओसरी:

माफी मागितली, पद परत मिळालं, पण वाटून. काही आठवडे तो प्रवचन देणार, काही आठवडे दुसरा, म्हणजे एलाझार बेन अझऱ्या. ज्याला मधल्या काळात नेमला होता तोच. त्यालाही काढून टाकायला मन धजावलं नाही.

हेकट:

गोष्टी गोड आहेत. पण धर्म गोड गोष्टींवर टिकत नाही. मंदिर गेलं, देश गेला, स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलले, रशियात कत्तली झाल्या. तरी हे लोक टिकले ते शब्बाथ, खाण्याचे नियम आणि लग्नाचे नियम दातओठ खाऊन पाळल्यामुळे. हिल्लेलसारखं सगळ्यांना "या बसा" केलं असतं तर अलेक्झांड्रियातच ग्रीकांत विरघळले असते. शम्मायचा गज होता म्हणून भिंत सरळ राहिली.

चौकस:

@हेकट, शम्मायची बाजू मांडायचीच तर नीट मांडू. गजाच्या पलीकडेही तो माणूस आहे.

मिश्ना म्हणजे ताल्मूदाचा जुना गाभा. त्याच्या 'पिर्के अवोत' भागात शम्मायचं वचन आहे: प्रत्येक माणसाचं हसतमुखाने स्वागत कर. हो, शम्मायचं, हिल्लेलचं नाही. :)

दुसरं, त्याची सून मांडवांच्या सणात बाळंत झाली. त्या सणात सात दिवस फांद्यांच्या छपराखाली राहायचं असतं. तान्ह्या बाळाला हा नियम नाही. पण शम्मायने बाळंतिणीच्या खाटेवरचं घराचं छत फोडलं आणि वर फांद्या पसरल्या, का तर तान्ह्या नातवाचाही नियम चुकू नये. याला कडक म्हणा. पण बाळंतिणीला खाटेवरून उठवलं नाही, छत फोडलं. स्वतःच्या घराचं नुकसान सोसून पाळलेला कडकपणा होता तो.

तिसरं, आणि महत्त्वाचं. शम्मायचे शिष्य सगळीकडे कडक आणि हिल्लेलचे सगळीकडे मवाळ हा समज खोटा आहे. मिश्नाच्या 'एदुयोत' या भागात उलट उदाहरणांची यादीच आहे. त्याच भागातलं एक प्रकरण सांगतो. नवरा-बायको परदेशी गेले, बायको एकटीच परत आली आणि म्हणाली, नवरा वारला. साक्षीदार कोणी नाही. तिला पुन्हा लग्न करता येईल का? हिल्लेलवाले म्हणाले, याच देशात कापणीहून परत आलेल्या बाईचं प्रकरण आपण ऐकलंय, तेवढ्यापुरतंच मान्य. शम्मायवाले म्हणाले, कापणी काय, ऑलिव्ह काय, परदेश काय, सगळ्यांना एकच न्याय. हिल्लेलवाल्यांनी ऐकलं. मग म्हणाले, ठीक, लग्न करू दे, पण लग्नकराराची रक्कम तिला मिळणार नाही. शम्मायवाले पुन्हा उसळले: "परपुरुषाशी लग्न लावण्याइतकी मोठी गोष्ट तिच्या शब्दावर मान्य केलीत, आणि पैशासारखी हलकी गोष्ट नाही?" हिल्लेलवाल्यांनी तेही ऐकलं आणि मत बदललं.

निकाल शेवटी हिल्लेलच्या बाजूने लागले त्याचं कारण ताल्मूदाने दिलंय ते इथेच आहे. तीन वर्षं वाद चालला, मग आकाशवाणी झाली: दोन्ही जिवंत देवाचीच वचनं, पण आचार हिल्लेलप्रमाणे. का? ते सौम्य होते, अपमान गिळत, आणि शिकवताना समोरच्याचं मत आधी सांगून मग आपलं सांगत. त्यांचं मत मऊ होतं म्हणून निकाल दिला, असं तिथे म्हटलेलं नाही.

हेकट:

छत फोडल्याचं माहीत नव्हतं. झकास आहे.

पण दोन्ही गट गळ्यात गळे घालून होते असंही चित्र नको. जेरुसलेम ताल्मूदात (ताल्मूद दोन आहेत, त्यातला हा एक) दोन्ही गटांच्या एका माडीवरच्या बैठकीची हकीकत आहे. शम्मायवाल्यांची संख्या त्या दिवशी जास्त भरली, अठरा निर्बंध मंजूर झाले, आणि शम्मायचे शिष्य खाली उभे राहून हिल्लेलच्या शिष्यांना ठार मारत होते असं सरळ लिहिलंय. तो दिवस सोन्याचं वासरू करून पुजलं त्या दिवसाइतका वाईट म्हणतात.

चौकस:

बरोबर. आणि मिश्ना हेही सांगतो की लग्नाच्या कायद्यावर इतके मतभेद असूनही एकमेकांच्या मुली करायचं त्यांनी थांबवलं नाही. दोन्ही नोंदी ठेवल्यात. कुठली दडपायची असा विचार संपादकांनी केलेला दिसत नाही.

गवतीचहा:

सगळे पुरुष किती कौतुकाने बोलताय. आता घटस्फोटाचं बोला. माझ्या माहितीप्रमाणे तिथे 'मवाळ' हिल्लेलच्या शिष्यांचं मत असं की बायकोने जेवण करपवलं तरी नवरा तिला सोडू शकतो. शम्मायवाले म्हणत, व्यभिचारासारखं कारण असल्याशिवाय नाही. आणि रब्बी अकिवा त्याही पुढे: दुसरी जास्त देखणी सापडली तरी चालेल. हा मवाळपणा कुणासाठी? करपलेल्या भाजीवर संसार मोडणार असेल तर मला बापडीला शम्मायच बरा.

हेकट:

+१००. लिहून ठेवा, गवतीचहा आणि मी एका बाजूला.

ओसरी:

गवतीचहा, मुद्दा पटला. सूट दिली की दया झाली असं होत नाही. सूट कुणाच्या हातात पडते ते बघावं लागतं. यावर उत्तर यायला हजार वर्षं लागली आणि ते कडकपणातूनच आलं. सुमारे १००० साली जर्मनीत माइन्झला रब्बेनू गेरशोम होते. त्यांच्या नावाने दोन बंदी हुकूम चालतात: एकावेळी एकच बायको, आणि बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोट नाही. मोडणारा समाजाबाहेर. मिश्नाने नवऱ्याला दिलेली मोकळीक त्यांनी चक्क आवळली. जर्मनी-फ्रान्सकडच्या ज्यूंनी ते स्वीकारलं. अरब देशांतल्या ज्यूंमध्ये दुसरी बायको पुढेही बराच काळ चालू होती.

शाळामास्तर:

निवृत्त शिक्षक आहे, म्हणून छडीच्या अंगाने लिहितो. मूळ वाद तिथूनच निघाला ना?

नीतिसूत्रात "जो छडी आवरतो तो मुलाचा द्वेष करतो" आहे, ते सगळ्यांना पाठ. पण शाळा प्रत्यक्ष चालवायची वेळ आली तेव्हा काय केलं ते ताल्मूदाच्या 'बाबा बथ्रा' या भागात आहे. आधी पद्धत अशी होती की मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावर शिकायला पाठवायचा. व्हायचं काय, की गुरुजी रागावले की तो लाथ झाडून निघून जायचा. (सोळा वर्षांचा मुलगा. माझ्या वर्गातही हेच होई.) मग यहोशुआ बेन गमला या प्रमुख याजकाने, मंदिर पडायच्या थोडं आधी, गावोगाव शिक्षक नेमले आणि सहा-सात वर्षांची मुलं घ्यायला लावली. मोठ्या मुलांना धाक दाखवण्याचा उपाय त्याने केला नाही. प्रवेशाचं वय खाली आणलं.

पुढे बाबिलोनमध्ये राव नावाच्या आचार्याने रब्बी शमुएल बर शिलात या प्राथमिक शिक्षकाला सांगितलं: मारायचंच झालं तर चपलेच्या बंदाने मार, दुसऱ्या कशाने नाही. वाचलं तर वाचलं. नाही वाचलं तर राहू दे, सोबत्यांना सोबत होईल. हे शेवटचं वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि चहा करायला उठलो. ढ मुलाला काढून टाकू नका, तो बसू दे, असं त्या काळी कुणी नियमात लिहून ठेवलंय! पटसंख्येचंही आहे: पंचवीस मुलांना एक शिक्षक, चाळीस झाली की मदतनीस, पन्नास झाली की दोन शिक्षक. आमच्याकडे एका तुकडीत पासष्ट असत.

याच शमुएल बर शिलातला राव एकदा बागेत उभा बघतो आणि टोकतो, काय, पोरांना सोडून आलास? तो म्हणतो, तेरा वर्षांत ही बाग पाहिली नव्हती. आणि आत्ताही लक्ष त्यांच्याचकडे आहे.

मैमोनिदेस हा ज्यू कायदेपंडित १२व्या शतकात याचं सार लिहितो ते व्यवहारी आहे. विषय अवघड आहे म्हणून मुलाला कळलं नाही तर गुरूने रागवायचं नाही, कितीही वेळा सांगावं लागो. पण मुलं टंगळमंगळ करतात म्हणून कळत नसेल तर रागवायचं, लाजवायचं. सर्व शिक्षकांना हा भेद कळतो. मुख्याध्यापकांना कळतोच असं नाही.

आणि हिल्लेलचंच वचन राहिलं: लाजणारा शिकू शकत नाही, तापट शिकवू शकत नाही.

वाचनमात्र:

पासष्टची तुकडी... मी त्यातलाच. मागचा बाक.

लोदची आत्या:

शब्बाथला फोन हातात घेत नाही, त्यामुळे आज एकदम सगळं वाचलं. ओसरी, चांगलं लिहिलंय रे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजोळ अलिबागकडचं, आडनावाला 'कर' आहेच. आई-वडील साठच्या दशकात इथे इस्रायलला आले.

तुम्ही दाराची गोष्ट काढलीत म्हणून सांगते. मुंबईत आमचं सर्वांत जुनं सिनेगॉग १७९६ मध्ये सामुएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. त्याचं नाव शाआर हराहामीम, म्हणजे दयेचं दार. मांडवीतली 'जुनी मशीद' म्हणून जुने लोक ओळखतात. कोकणात आम्ही शनवार तेली. शनिवारी घाणा बंद. ताल्मूद आमच्याकडे नव्हता. शब्बाथ, सुंता, खवलं-पर असलेलेच मासे आणि शमाची प्रार्थना एवढं होतं, आणि तेवढ्यावर किती पिढ्या निघाल्या कोण जाणे.

इथे आल्यावर मात्र काही रब्बी आमच्या मुलामुलींची लग्नं लावेनात. म्हणे, तुमच्याकडे ताल्मुदी पद्धतीचं घटस्फोटपत्र नव्हतं, म्हणजे पूर्वी कुणी बाई नियमाप्रमाणे न सुटता दुसऱ्याशी लग्न करून बसली असेल, तर तिची संतती निषिद्ध ठरते. १९६१ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने निर्णय दिला की बेने इस्रायलशी लग्न चालेल. मग १९६२ मध्ये सूचना काढल्या: पण आधी आईकडून जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन चौकशी करा. फक्त बेने इस्रायलची. मुख्य रब्बी होते यित्झाक निस्सीम, बगदादचे. १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली, लेवी एश्कोल पंतप्रधान होते. संसदेने ठराव करून सांगितलं की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत आणि रब्बींनी तोडगा काढावा. मग सूचनेतून आमचं नाव गेलं. त्या जागी "ज्याच्याबद्दल शंका असेल तो" असं आलं.

माझी आई त्यावर कधी फार बोलली नाही. एवढंच म्हणे, "आम्हाला कोकणात कुणी विचारलं नाही तुम्ही ज्यू का म्हणून. इथे येऊन कागद शोधायला लागले."

चौकस:

आत्या, हे लिहिल्याबद्दल आभार. मराठीत हे फार कमी वाचायला मिळतं.

हेकट:

आत्या, वाईट वाटलं वाचून, खरंच. पण रब्बींच्या बाजूने एक सांगायला हवं, नाहीतर ते नुसते खलनायक होतील. निषिद्ध संततीचा डाग कायद्याप्रमाणे मुलाला लागतो, पिढ्यानपिढ्या, आणि तो पुसायची सोय नाही. आज सैल सोडलं आणि उद्या कुणी पुरावा काढला तर भोगणार ती नातवंडं. घाबरून कडक झालेला माणूस आणि दुष्ट माणूस एक नव्हे.

लोदची आत्या:

ते मला कळतं हो. पण भीती सगळ्यांच्या बाबतीत सारखी असती, तर चौकशी सगळ्यांची झाली असती. नाव फक्त आमचं होतं कागदावर.

ओसरी:

आत्यांच्या या एका ओळीवर मला बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

@हेकट, तुमच्या भीतीच्या मुद्द्यावर फक्त एवढंच. ताल्मूदात म्हटलंय की सूट देणाऱ्या मताचं बळ जास्त मोलाचं. ११व्या शतकातला भाष्यकार राशी त्याचं कारण देतो: बंदी कुणीही घालू शकतो, जे चालतं त्यावरसुद्धा. सूट द्यायला मात्र अभ्यासावर भरवसा लागतो. याचं जवळचं उदाहरण म्हणजे रब्बी ओवादिया योसेफ. १९७३ च्या योम किप्पूर युद्धात कितीतरी सैनिक बेपत्ता झाले, प्रेत नाही, साक्षीदार नाही. बायका ना विधवा ना सधवा. ओवादिया योसेफ तेव्हा सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या आणि अरब देशांतल्या ज्यूंचे) मुख्य रब्बी होते. त्यांनी एकेक प्रकरण तपासून त्या बायकांना मोकळं केलं. कायदा बाजूला ठेवला नाही. उलट इतका खणला की त्यातूनच वाट निघाली. इथिओपियाच्या ज्यूंना ज्यू म्हणून मान्यता द्यायचा निर्णयही त्यांचाच, त्याच वर्षीचा. तोच माणूस जाहीर प्रवचनात विरोधकांवर असं काही तोंड सोडायचा की वृत्तपत्रांना मथळे पुरत. निकालात मवाळ, जिभेने तिखट. म्हणजे शम्मायच्या बरोब्बर उलटा नमुना.

गवतीचहा:

बेपत्ता नवऱ्यांचं झालं. हजर असून सोडत नाहीत त्यांचं काय? घटस्फोटपत्र नवऱ्यानेच द्यायचं असतं ना? त्याने नाही दिलं की बाई अडकली, असं वाचलंय.

लोदची आत्या:

हो, अजूनही. माझ्या ओळखीतल्या एकीने त्यात तरुणपण घालवलं. इथे १९९५ मध्ये कायदा झालाय. धार्मिक न्यायालयाने हुकूम देऊनही जो नवरा पत्र देत नाही त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, बँकेचे व्यवहार अडवता येतात, तुरुंगातही घालता येतं. कायदा आहे, पण तो वापरायचा की नाही हे त्या न्यायालयातल्या रब्बींच्या हातात. बरेचदा ते नवऱ्याला अजून एक तारीख देतात, समजुतीने घे म्हणतात.

हेकट:

म्हणजे तिथे ते मवाळ! काय गवतीचहा, आता कुणाच्या बाजूला?

गवतीचहा:

तुमच्याच. लायसन्स काढून घ्या, खातं गोठवा, आत टाका. आणि तारखा देणाऱ्या रब्बीला आठवडाभर तिच्या घरी राहायला पाठवा. गमलिएल गेला होता तसा.